आफ्टरला लागून

दांडेकर पुलाकडून पर्वतीला वळताना, कालव्याच्या अंगाला
माझं दुकान: झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी-इंग्रजी टायपिंग.
आठ बाय सहा. त्यातले दोन फूट प्रिंटरचे.

सगुणा ओव्हाळ आल्या भर दुपारी,
पर्समधल्या पिशवीत पिशवी, तिच्यात चौघडी कागद.
मेहेंदळे बाईंच्या मुलानं मेलबर्नला परतायच्या दिवशी
टॅक्सी खाली उभी असताना लिहून दिलेला.
"नीट टाइप करून द्या. पुढच्या घरी दाखवावं लागतं."

मुलगा शिकलेला. अक्षरही बरं.
तरी लिहिलं होतं,
शी लुक्ड आफ्टर टू माय मदर फॉर सिक्स इयर्स.

मी तो 'टू' काढला.
"साहेबांनी लिहिलंय, त्यातलं कमी नका करू."

बाई, कमी नाही करत.
नुसतं लुक म्हणजे बघणं.
फॉर लावला की शोधणं,
इनटू लावला की चौकशी,
डाउन ऑन लावला की,
ते राहू द्या, ते तुम्ही पाहिलं असेल घरोघरी.
आफ्टर लावला की सांभाळणं.
आपण नाही का म्हणत, लिहून ठेव, लिहून दे, लिहून टाक?
लिहिणं तेच; मागून कोण येतं
त्यावर सगळं.
आणि या आफ्टरला लागूनच माणूस यावं लागतं.
मध्ये टू नको, ऑफ नको, कुणीच नको.

"मध्ये कुणी नव्हतंच," त्या म्हणाल्या.

मग थोड्या वेळानं,
"पण आफ्टर म्हणजे नंतर ना?
पोरीच्या पुस्तकात आहे, बिफोर-आफ्टर.
त्या गेल्यानंतर मी बघितलं,
असं नाही ना वाचणार कुणी?
गेल्यानंतर मी फक्त चादरी भिजवल्या.
आणि कवळीची डबी घासून पालथी घातली."

नाही वाचणार, म्हटलं. तसं कुणी नाही वाचत.

"आणि शेवटी हा ड कशाला?"
झालेल्या कामाला लागतो. संपलं ना ते आता.

स्क्रीनवर कर्सर उघडझाप करत होता.
त्या त्याच्याकडेच बघत म्हणाल्या,
"रात्री दोनला जाग येते अजून. कूस बदलायची वेळ.
उठून बसते. हात पुढे गेलेला असतो."

नाना पेठेतल्या रात्रशाळेत
आम्हाला बारा काळ पाठ करून घेतले होते.
मी मनातल्या मनात सगळे लावून पाहिले.
एकही बसेना.
ड तसाच ठेवला.

आईला मीही बघतो.
चिंचवडला, भावाकडे, महिन्यातला एक रविवार.
मोसंबी नेतो, तिच्या पलंगासमोरच्या खुर्चीत बसतो,
साडेपाचची बस पकडतो.
दुसऱ्यांच्या कागदावरचा टू मला लांबून दिसतो.
माझ्या वाक्यात आफ्टर नाही.
अ‍ॅट आहे. नुसता अ‍ॅट.
व्याकरणात चूक काढता येणार नाही.

तीन प्रती काढल्या. एक लॅमिनेट.
गरम कागद त्यांनी तळव्यावर धरला,
ताप बघावा तसा.
"कुठलं ते बोट ठेवून दाखवा."
दाखवलं.
लुक्ड आफ्टर माय मदर.
त्यांनी प्रत्येक शब्दावर बोट ठेवलं,
मदरवर जरा जास्त.

अठ्ठेचाळीस रुपये झाले. पन्नास दिले, दोन परत घेतले.
घ्यायलाच हवेत.

पायरी उतरता उतरता
माझ्या कोपराला टेकलेला, टेबलाच्या कडेवरचा चहाचा ग्लास
त्यांनी दोन बोटांनी आत सरकवला.
बघितलंही नाही त्याच्याकडे.
पर्सची चेन लावत
स्वारगेटच्या बाजूनं चालायला लागल्या.